माळवाडीचा चढ आणि दोन सायकली

उदगीरला चौबारा चौकाच्या अलीकडच्या गल्लीत सिद्रामप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानात शिरण्याआधीच गिऱ्हाईक स्वतःचे दहा-वीस चेहरे बघतं, कारण दारात टांगलेल्या प्रत्येक पातेल्यात ते जरा वाकडं होऊन दिसत असतं. त्या चेहऱ्यांच्या मागे, गादीवर मांडी घालून सिद्रामप्पा बसलेले असतात. वय पंचावन्नच्या आसपास, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा पायजमा, आणि गळ्यात, शर्टाच्या आत, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. लिंगायत घरातल्या माणसाच्या अंगावरून ते कधी उतरत नाही. अंघोळीत नाही, झोपेत नाही, दुकानातल्या गर्दीत तर नाहीच.

सिद्रामप्पांना इंजिनाची गाडी चालवता येत नाही, हे सगळ्या उदगीरला ठाऊक आहे. मुलानं, विरूपाक्षनं, एकदा त्यांना मोटारसायकलवर बसवलं होतं. ते सरळ समोरच्या गुरुपादप्पांच्या किराणा दुकानात शिरले आणि मुरमुऱ्यांच्या ढिगात थांबले. लागलं कोणालाच नाही, पण पुढे आठवडाभर गुरुपादप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "चिवडा करायचाय का? मुरमुरे मळून तयार हायत." तेव्हापासून सिद्रामप्पा आपल्या काळ्या सायकलीवरच असतात. पाय थांबवले की जी थांबते तीच आपली, असं त्यांचं म्हणणं.

या सायकलीवरून ते दर सोमवारी माळवाडीला जातात. देवणीच्या रस्त्याला लागायचं, सपाटीवरून बराच वेळ जायचं आणि मग डावीकडे माळावर चढायचं. वर त्यांची थोरली बहीण राहते. सिद्धम्मा. सिद्रामप्पांच्या तोंडी अक्का. नवरा गेल्यापासून ती एकटीच असते, म्हणजे ती आणि शेवरी. शेवरी ही तिची देवणी जातीची गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, आणि स्वभावानं अक्कासारखीच. हाक मारली तरी आपल्या वेळेलाच वळून बघणारी.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात माळवाडीची विहीर होळीच्या आधीच कोरडी पडली. टँकर यायचा, पण तो चढाच्या पायथ्याशीच टाकीत पाणी सोडून परत फिरायचा. चढावरचा रस्ता अर्धाच झाला होता. खालच्या भागात डांबर, वरच्या भागात नुसती खडी पसरून ठेवलेली. त्या खडीवर टँकरची चाकं जागच्या जागी फिरत. बायका डोक्यावर घागरी घेऊन तो चढ चढायच्या. अक्काचे गुडघे दुखत होते. शेजारच्या सुना तिच्यासाठी दोन घागरी आणून ठेवायच्या आणि अक्का त्यांतली एक शेवरीसमोर ठेवायची.

"पावसाळा लागेपर्यंत उदगीरला चल," सिद्रामप्पा दर सोमवारी म्हणत. विरूपाक्ष एकदा जीप घेऊन गेला. अक्कानं त्याला चहा पाजला, जीपच्या ड्रायव्हरला भाकरी बांधून दिली आणि जीप रिकामी परत पाठवली.

त्या वर्षी उदगीरमध्ये दुष्काळाइतकाच आणखी एक विषय होता. उदगीर जिल्हा होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. चौबाऱ्यातल्या एका हॉटेलवाल्यानं तर पाटी बदलून 'जिल्हा टी हाऊस' असं नाव रंगवून घेतलं होतं. माळवाडीच्या रस्त्यावरचं उरलेलं डांबरही जिल्हा झाल्यावरच पडेल, असं कोणीतरी सांगून गेलं होतं. त्यामुळे सिद्रामप्पांनी एका सोमवारी पुन्हा विषय काढला तेव्हा अक्का म्हणाली, "येते की. उदगीर जिल्हा झाला की येते."

"अक्का, थट्टा नको. तोंड बघ तुझं, कसं सुकलंय."

"मग दुसरं सांगते." अक्का अंगणाच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसली होती. तिथून सगळा चढ खालपर्यंत दिसतो. "इतकी वर्षं तुला येताना बघून राहिले. बैलथांबाला आलास की उतरतोस अन् सायकल ढकलत येतोस. एकदा पाय न टेकता दारापर्यंत ये, तम्मा. त्या दिवशी तुझ्याबरोबर खाली येते."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि बैलथांब म्हणजे चढाचं शेवटचं वळण. तिथं गाडीचे बैलसुद्धा दम घ्यायला आपणहून थांबायचे, म्हणून ते नाव.

"शब्द?" सिद्रामप्पांनी विचारलं.

अक्कानं पदराआड, जिथं तिचं लिंग होतं, तिथं हात ठेवला. सिद्रामप्पांना एवढं पुरेसं होतं. असा हात ठेवल्यावर अक्का कधी मागं फिरली नव्हती.

उदगीरला परतल्यावर ते आधी निजामोद्दीनच्या दुकानात गेले. निजामभाई गेली कित्येक वर्षं त्यांच्या काळ्या सायकलीची पंक्चरं काढत आले होते. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग सिद्रामप्पांकडे.

"ही न्हाई जात, अप्पा. हिला गिअर न्हाई अन् तुम्हाला वय हाय. नांदेडला माझी भाची हाय, गौसिया. नव्या सायकलीचं दुकान हाय तिचं. उद्याच्या गाडीनं जावा."

नांदेडच्या त्या दुकानात सायकली छतापासून टांगलेल्या होत्या. गौसियानं सिद्रामप्पांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "चाचा, चढ कसा आहे?"

सिद्रामप्पांनी विचार केला. "आमच्या अक्कासारखा. सुरुवातीला सोपा वाटतो."

गौसियाचा नवरा रियाज आतून एक सायकल घेऊन आला. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. त्यानं ती एका हातानं उचलून दाखवली. "रोड बाइक. बघा, वजनच नाही. चढावर वजन नको असतं."

"उचलूनच न्यायची असती तर चाचा इथं आले कशाला?" गौसिया म्हणाली आणि दुसरी सायकल पुढे ओढली. जाड टायर, पुढच्या चाकावर स्प्रिंगचे दांडे. "ही माउंटन बाइक. जड आहे, पण हिचा सगळ्यात लहान गिअर टाकला की पाय नुसता फिरतो. हळू जाल, पण जाल."

"सपाटीवर ही बैलगाडी आहे," रियाज म्हणाला.

"चढ सपाटीवर असतो का?"

नवरा-बायकोचं हे बराच वेळ चाललं. सिद्रामप्पांच्या लक्षात आलं की हा वाद त्यांच्या येण्याच्या आधीपासूनचा आहे आणि त्यांच्या जाण्यानंतरही चालणार आहे. शेवटी गौसियानंच तोड काढली. मामूंचा माणूस, म्हणजे घरचा. दोन्ही घेऊन जा, चालवून बघा, नको ती परत पाठवा.

त्या संध्याकाळी उदगीरच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून दोन सायकली उतरल्या. ही बातमी सिद्रामप्पांच्या आधीच गल्लीत पोहोचली होती. गुरुपादप्पा दुकानाच्या पायरीवर उभेच होते.

"काय सिद्रामप्पा, एक डाव्या पायाची अन् एक उजव्या पायाची का?"

सिद्रामप्पांची बायको लक्ष्मम्मा आतून म्हणाली, "एक ह्यांना अन् एक मुरमुऱ्यांना."

पहिल्या सोमवारी त्यांनी बारीक चाकांची सायकल घेतली. पाठीवर विरूपाक्षचं जुनं दप्तर, त्यात अक्कासाठी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या. देवणीच्या रस्त्यावर ती सायकल अशी निघाली की सिद्रामप्पांना आधी भीती वाटली आणि मग मजा वाटायला लागली. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडलेली, बाभळीखेरीज कुठं हिरवं नाही, आणि त्या सगळ्यातून आवाज न करता चाललेली ही हलकी वस्तू. पायजम्याला त्यांनी सुतळी बांधली होती. एक कडबा भरलेला टेम्पो पुढे रखडत चालला होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी एका इंजिनाला मागं टाकलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून दाद दिली.

चढ लागला तशी सायकल ऐकेनाशी झाली. सगळ्यात लहान गिअर टाकला तरी पाय जड. ते पायडलवर उभे राहिले, हँडलवर वाकले. त्याच वेळी चांदीची डबी शर्टाच्या गळ्यातून बाहेर घसरली, झुलली आणि हँडलच्या लोखंडावर आपटली. आवाज अगदी बारीक होता. पण सिद्रामप्पांचे दोन्ही पाय तत्क्षणी जमिनीवर होते. त्यांनी चपला काढल्या, डबी डोळ्यांना लावली, आणि उन्हात थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मग सायकल ढकलत वर गेले. बैलथांबाच्या खडीवर तर ती बारीक चाकं ढकलतानाही घसरत होती.

"आज पहिल्याच वळणाला?" अक्का कठड्यावरून म्हणाली. "नवी सायकल बरी हाय. उतरायला लई सोपी दिसते."

सिद्रामप्पांनी तिला काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. देवाला लोखंड लागलं, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे.

पुढच्या सोमवारी त्यांनी जाड टायरची सायकल काढली. या वेळी त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं: वाकायचं नाही. पूजेला बसतात तसं ताठ बसायचं, म्हणजे डबी छातीला चिकटून राहील. सपाटीवर रियाजचं म्हणणं खरं ठरलं. ऊन वर आलं तरी रस्ता संपेना. चढावर मात्र गौसियाचं खरं ठरलं. पाय खरंच नुसते फिरत होते. सिद्रामप्पा ताठ, गंभीर, वरातीतल्या नवरदेवासारखे वर चालले होते, इतके सावकाश की घागर घेतलेली एक बाई त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि मागं वळून म्हणाली, "थांबू का काका, सोबतीला?"

खडी आली. जाड टायर खडीवर बसले, घसरले नाहीत. पण बैलथांबाच्या वळणावर, जिथं चढ एकदम भिंतीसारखा होतो, पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. सायकल घोडीसारखी मागच्या पायांवर उभी राहू लागली आणि सिद्रामप्पांना पाय टेकावा लागला. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

"वाकायचं, अप्पा," निजामभाई सांगून थकले. "नाक हँडलला लागलं पाहिजे. अंगाचं वजन पुढं गेलं की चाक उचलत न्हाई. बाकी काही न्हाई त्यात."

नांदेडहून गौसियाचा फोन यायचा. "चाचा, वाकताय ना?"

"हाव, वाकतोय की."

"मग चाक उचलायलाच नको. रियाज म्हणतात सायकलीतच खोट आहे. मी म्हणते नाही. माझी इज्जत तुमच्या हातात आहे."

सिद्रामप्पा फोन ठेवून गादीवर बसत आणि हात आपोआप शर्टाच्या गुंडीकडे जाई. दुकानात त्या दिवसांत लग्नाची भांडी कुणी मागत नव्हतं. घागरी, ड्रम आणि पत्र्याच्या टाक्या तेवढ्या जात होत्या. विकताना त्यांना बरं वाटत नसे. प्रत्येक घागरीबरोबर माळवाडीची टाकी डोळ्यांसमोर यायची. टँकर आता दिवसाआडही येत नव्हता. अक्का अंघोळीचं पाणी शेवरीला पाजते, असं शेजारच्या सुनेनं सांगितलं होतं. आणि शब्द अक्कानं दिलेला होता. आता तो मोडायला तिला कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पुरा करणं एकट्या सिद्रामप्पांच्या हातात होतं.

चैत्र संपत आला होता. त्या सोमवारी बैलथांबाला पुन्हा पाय टेकून, सायकल ढकलत, घामानं भिजलेले सिद्रामप्पा अंगणात आले. अक्का तूर निवडत होती. तिनं त्यांना पाणी दिलं, अर्धाच पेला, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत बघत राहिली.

"तम्मा, तू वाकत का न्हाईस?"

"वाकतो की."

"मला सगळा चढ दिसतो हितनं. ती पाणी आणणारी पोर डोक्यावर घागर असून वाकून चढते. बैल वाकतो. शेवरी वाकते. तू एकटा दिव्याच्या खांबासारखा वर येतोस."

सिद्रामप्पांचा हात छातीकडे गेला होता, आणि तो तसा गेलेला अक्कानं पाहिला.

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात धुवायला म्हणून थेंबभर पाणी घेतलं, कपाळाला भस्म लावलं. "हिकडं बस," ती म्हणाली. सिद्रामप्पा तिच्यासमोर दगडावर बसले. तिनं त्यांच्या गळ्यातला दोरा सोडला. डबी त्यांच्याच तळहातावर ठेवायला लावली, अंगापासून वेगळी होऊ दिली नाही. दोऱ्याचे पदर आखूड केले आणि डबी त्यांच्या उजव्या दंडाला, काखेच्या जरा खाली, पक्की बांधली. बांधताना तिची बोटं सावकाश चालत होती, पण एकदाही चुकली नाहीत.

"आपले अप्पा मोट हाकायचे तेव्हा हितंच बांधायचे. दिवसभर वाकायचं असायचं त्यांना. तू रांगत होतास, तुला कुठलं आठवतंय."

सिद्रामप्पांनी हात वर केला, खाली केला, पुढं वाकून बघितलं. डबी जागची हलली नाही.

"अक्का," ते जरा वेळानं म्हणाले, "मग मी वर येईन की."

"ये की," अक्का म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

उतारावरून खाली येताना सिद्रामप्पांच्या मनात ते शब्द सारखे फिरत राहिले. अक्काला उदगीरला यायचं नाही, असंच ते इतके दिवस धरून चालले होते.

आता दोन्ही सायकलींवर वाकता येत होतं, त्यामुळे गल्लीत प्रश्न नव्यानं उभा राहिला. निजामभाईंच्या दुकानासमोर बाकडं टाकून लोक बसले. गुरुपादप्पा हलक्या सायकलीच्या बाजूनं होते, कारण त्यांना दुसरी दिसायला आवडत नव्हती. रियाजनं फोनवरून सांगितलं, एकदा जीव काढून चालवा, बारीक चाकाची पाखरासारखी वर जाईल.

"पाखराला खडी लागत न्हाई," निजामभाई म्हणाले.

सिद्रामप्पा ऐकत होते. मनातून त्यांना बारीक चाकांचीच हवी होती. त्या टेम्पोला मागं टाकलेली सकाळ त्यांच्या पायांत अजून होती. पण चढ खडीचा होता, पाय पंचावन्न वर्षांचे होते, आणि अक्का सपाट रस्त्याच्या कडेला राहत नव्हती. रविवारी संध्याकाळी ते रोड बाइक घेऊन एकटेच निघाले, किल्ल्याच्या बाजूनं एक मोठा फेरा मारला, परत येऊन तिचं हँडल फडक्यानं पुसलं आणि पोत्यात गुंडाळून नांदेडच्या गाडीवर चढवायला दिली.

सोमवारी पूजा आटोपून ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. सपाटीवर घाई केली नाही. चढाच्या पायथ्याशी टाकीजवळ बायका टँकरची वाट बघत बसल्या होत्या. "काका, आज?" एकीनं विचारलं. त्यांनी मान हलवली. लहान गिअर टाकला आणि वाकले.

वाकल्यावर चढ दिसतच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दिसतं फक्त चाकापुढचं हातभर. डांबर, मग डांबराची फाटलेली कड, मग खडी. वाळलेलं शेण. मुंग्यांची एक रांग, जिला चुकवून जावं लागलं. कानात स्वतःचाच श्वास. बैलथांब आला ते त्यांना मांड्यांवरून समजलं. नाक हँडलला टेकलं. पुढचं चाक एकदा थरथरलं, खडीचा एक दगड कडकन बाजूला उडाला, आणि चाक जमिनीवरच राहिलं. पाय फिरत होते. इतके हळू, की थांबले आहेत की फिरताहेत हे त्यांनाही कळत नव्हतं. मग अचानक पाय हलके झाले. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर अक्काचं दार होतं.

पण ते उतरले नाहीत. अंगणात शिरले, गोठ्याला वळसा घातला, लिंबाच्या झाडाला वळसा घातला आणि पुन्हा गोठ्याकडे आले.

"उतर की," अक्का कठड्यावरून उठून म्हणाली.

"आधी तू बोल."

"काय बोलू?"

"येते म्हण."

सिद्रामप्पा पुन्हा लिंबाकडून फिरून आले. शेवरी मान फिरवून फिरवून त्यांच्याकडे बघत होती.

"येते," अक्का म्हणाली. "आता उतर. तिला चक्कर येईल."

ते उतरले आणि तिथंच जमिनीवर बसले. हसू येत होतं, पण हसायला श्वास नव्हता. अक्कानं या वेळी पेला काठोकाठ भरून दिला.

निघायला फार वेळ लागला नाही. लुगडी, देवाची पेटी, तुरीचं गाठोडं, एवढंच होतं. शेवरीसाठी लक्ष्मम्मानं भांड्यांच्या गोदामामागची जागा आधीच मोकळी करून ठेवली होती. अक्कानं शेजारच्या सुनेला किल्ली दिली, उरलेली घागर तिच्याच ओट्यावर नेऊन ठेवली आणि शेवरीचं दावं सोडलं. पुढं शेवरी, मागं अक्का, तिच्यामागं गाठोडं लादलेली सायकल धरून सिद्रामप्पा. अक्कानं त्यांना सायकलवर बसू दिलं नाही. चढताना न पडलेला माणूस उतरताना पडतो, असं तिचं म्हणणं.

बैलथांबाला शेवरी आपणहून थांबली, मग दोघंही थांबली.

"ती दुसरी सायकल कुठं हाय?" अक्कानं विचारलं.

"नांदेडला पाठवली."

"बारीक चाकांची होती ती. त्या दिवशी खालच्या रस्त्यानं आलास तेव्हा मी ओळखलंच न्हाई तुला. म्हटलं, कुणाचं पोरगं हे, केवढ्या जोरात येऊन राहिलंय."

उतार संपून सपाटी लागली तशी सिद्रामप्पांनी गाठोडं काढून अक्काच्या हातात दिलं, त्या जाड टायरच्या सायकलवर बसले, आणि हँडलवर वाकून, जमेल तेवढ्या जोरात, पुढच्या बाभळीपर्यंत जाऊन परत आले.